चाक चालकाचे, घड्याळ कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या अभ्यासवर्गासाठी मला दिलेला विषय 'शहर वाहतूक आणि कामगार' असा आहे. विषय मोठा आहे. महानगरांची वाढ, मोटारींची गर्दी, मेट्रो, उड्डाणपूल यांपैकी कशावरही तासभर बोलता येईल. परंतु मी तो मुद्दाम आवळून एका माणसापुरता घेणार आहे. मुंबईच्या रस्त्यावर बेस्टची बस चालवणारा जो चालक, त्याचे काम नेमके काय असते, ते कोणाच्या हुकमाने चालते आणि त्यात काही बिघडले की जबाबदार कोणाला धरले जाते, एवढ्या तीन प्रश्नांपुरतेच मी बोलेन. या तिन्हींची उत्तरे नीट लावली तर सार्वजनिक सेवेविषयी आपली भूमिका काय असावी, याचेही उत्तर बऱ्याच अंशी हाती लागते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण आज जे चालले आहे ते अटळच होते असा समज पसरवला जात आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी धावू लागली. विजेची ट्राम आली १९०७ साली, आणि पहिली बस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर १५ जुलै १९२६ रोजी सुटली. हा सर्व कारभार खासगी कंपन्यांचा होता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या अवघे आठ दिवस आधी, मुंबई महापालिकेने तो आपल्या ताब्यात घेतला. शहराचे पाणी, शहराचे दिवे आणि शहराची वाहतूक ही नागरिकांची सामायिक गरज आहे आणि तिच्यावर नागरिकांचे नियंत्रण असले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. बेस्टकडे वीजही होती आणि बसही होती. विजेच्या व्यवहारातून उरणारी शिल्लक बसच्या तुटीकडे वळवता येत असे. म्हणजे दिवाणखान्यात चार दिवे लावणाऱ्याच्या बिलातील काही वाटा गिरणीत जाणाऱ्याच्या तिकिटाला आधार देई. २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचे दर नियामक आयोगाच्या कक्षेत आले, न्यायालयीन वाद झाले आणि ही वाट क्रमाक्रमाने बंद झाली. तेव्हापासून बेस्टच्या नावापुढे 'तोट्यातील उपक्रम' हे विशेषण कायमचे चिकटले.

वेळापत्रकाची नोकरी

आता चालकाच्या कामाकडे वळू. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की गाडी हाकणे हेच त्याचे काम. वस्तुतः गाडी हाकणे हा त्याच्या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो वेळापत्रक पाळण्याचा. प्रत्येक मार्गाला धावेची एक वेळ ठरवून दिलेली असते. अमुक आगारातून निघून अमुक स्थानकावर अमुक मिनिटांत पोचायचे, तेथे काही मिनिटे थांबायचे आणि परत फिरायचे. कागदावर हे हिशेब चोख असतात. पण तो कागद तयार झाल्यानंतर त्याच रस्त्यावर मेट्रोसाठी पत्रे ठोकले जातात, गटारासाठी खणती होते, दोन्ही कडांना मोटारी उभ्या राहू लागतात. रस्ता अर्धा होतो, मिनिटे मात्र तेवढीच राहतात.

ही तफावत कोणी भरून काढायची? ती चालकाने भरून काढायची, आणि त्यासाठी त्याच्यापाशी दोनच साधने असतात. एक म्हणजे शेवटच्या थांब्यावरची विश्रांती. गाडी उशिरा पोचली की पहिला बळी तिचाच जातो. पाणी पिणे, पाय मोकळे करणे, लघवीला जाणे हे सारे त्या चार-दहा मिनिटांत बसवलेले असते. दुसरे साधन म्हणजे घाई. थांब्यावर कमी वेळ उभे राहणे, सिग्नल पिवळा असताना पुढे काढणे, धावत येणाऱ्या माणसासाठी न थांबणे. प्रवासी म्हणून आपण ज्या ज्या गोष्टींसाठी चालकाला बोल लावतो, त्यांतील बऱ्याचशा या घाईच्या पोटी जन्मलेल्या असतात. गाडी थांब्यापासून दूर का उभी केली? कारण थांब्यावर तीन रिक्षा उभ्या होत्या. मागची गाडी लगेच का आली? कारण पुढची अडकली होती. म्हाताऱ्या बाईला चढू न देता घंटा का मारली? याचे समर्थन मी करणार नाही, कोणीही करू नये; पण ज्या घड्याळाने ती घंटा वाजवली ते घड्याळ चालकाच्या मनगटावरचे नव्हते, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

कामाच्या तासांचे म्हणाल तर कायदा फार पूर्वीच झाला. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही मर्यादा घातली, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली आणि कामाच्या प्रारंभापासून अखेरीपर्यंतचा एकूण पसारा बारा तासांपलीकडे जाऊ नये असे सांगितले. तो कायदा आता स्वतंत्रपणे उरलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांपैकी सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत तो सामावून टाकण्यात आला. तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी नव्या संहितेची कलमे आणि तिच्याखालचे नियम डोळ्यांत तेल घालून वाचले पाहिजेत. जुन्या कायद्याने दिलेली प्रत्येक मिनिटाची विश्रांती नव्यात कोठे आहे, हे कलमावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे.

त्यातही 'पसारा' हा शब्द नीट समजून घ्या. सकाळच्या गर्दीला चार तास आणि संध्याकाळच्या गर्दीला चार तास अशी काम तोडून देण्याची पद्धत आहे. काम आठ तासांचेच. पण मधले तीन-चार तास माणूस घरीही जाऊ शकत नाही, कारण घर मुंबईत नसते. ते असते विरारला, बदलापूरला, कल्याणच्या पलीकडे. पहाटेची पहिली गाडी काढणाऱ्याला त्यासाठी रात्रीच घर सोडावे लागते, आणि शेवटची गाडी आगारात लावणाऱ्याची शेवटची लोकल अनेकदा निघून गेलेली असते. ज्यांच्यामुळे इतरांना कामावर पोचता येते, त्यांना स्वतःला कामावर पोचवण्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही.

शरीर हिशेब ठेवते

या कामाचा शरीरावर काय परिणाम होतो याविषयी एक जुना आणि प्रसिद्ध अभ्यास आहे. तो लंडनचा आहे, पण तो आपल्याही उपयोगाचा आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बस कामगारांचा अभ्यास करून १९५३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसलेला आणि वाहक दिवसभर जिने चढता-उतरता. दोघे एकाच वर्गातून आलेले, एकाच गाडीवर काम करणारे. तरीही हृदयविकाराचे प्रमाण चालकांमध्ये वाहकांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळले. पुढे १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा असल्याचे आणि तो फरक तरुण वयातही दिसत असल्याचे ध्यानात आले. शिंप्याच्या वहीतून कामगाराची प्रकृती वाचण्याचा हा प्रकार मला फार उद्‌बोधक वाटतो.

आमच्याकडे बस चालवणे ही गोष्ट त्याहून कष्टाची राहिली. पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाड्यांत चालकाच्या डाव्या गुडघ्यापाशी भट्टी पेटलेली असे. क्लच दाबणारा डावा पाय, जड चाक फिरवणारे खांदे, खड्ड्यांनी हादरणारा कणा आणि कानाशी अखंड भोंगा. उन्हाळ्यात पाणी पिऊ नये, कारण मग लघवीला कोठे जायचे, हा हिशेब चालक-वाहक रोज करतात. शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह असणे ही मागणी किरकोळ वाटते. पण मूत्रपिंडाच्या दृष्टीने ती किरकोळ नाही. २०२२ साली मुंबईत प्रथमच एका स्त्रीने बेस्टच्या मार्गावर बस चालवली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे यथोचित कौतुक झाले. पण स्त्रियांनी या कामात यावे असे खरोखर वाटत असेल, तर कौतुकापूर्वी प्रत्येक बस चौकीपाशी पाण्याचा नळ आणि दार लागणारी मोरी असली पाहिजे.

मालक कोण?

आता मी दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, आणि आजचा खरा मुद्दा हाच आहे. चालकाला हुकूम कोण देतो?

पूर्वी याचे उत्तर सोपे होते. गाडी बेस्टची, चालक बेस्टचा, वाहक बेस्टचा, आगार बेस्टचे. कामगार आणि व्यवस्थापन यांचे भांडण असे, संप होत, करार होत. पण भांडायचे कोणाशी हे ठाऊक असे. जानेवारी २०१९ मध्ये बेस्ट कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा आणि २००७ नंतर भरती झालेल्या कनिष्ठ श्रेणीतील कामगारांवरील वेतनाचा अन्याय दूर करावा, या त्यातील ठळक मागण्या होत्या. उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर तो संप मिटला. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या समझोत्यात बेस्टने स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्यांचा ताफा कायम राखावा असे ठरले, आणि त्याबरोबर भाडेतत्त्वावरील गाड्यांचा मार्गही मोकळा झाला. जुलैमध्ये किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आले. प्रवासी वाढले, लोकांना आनंद झाला आणि तो योग्यच होता.

पण पुढे काय घडले? जुन्या गाड्या आयुर्मान संपून भंगारात गेल्या. त्यांच्या जागी स्वतःच्या गाड्या आल्या नाहीत, कंत्राटदारांच्या आल्या. एके काळी चार हजारांहून अधिक गाड्यांचा ताफा बाळगणाऱ्या या उपक्रमाकडे आज स्वतःच्या मालकीच्या गाड्या काही शेकड्यांवर आल्या आहेत. करारातील आकडा कागदावर राहिला आणि गाड्या रस्त्यावरून नाहीशा झाल्या. कामगार चळवळीने यातून एक धडा घेतला पाहिजे. आकडा मिळवणे ही अर्धी लढाई असते. त्याची अंमलबजावणी कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या पैशातून, हे लिहून घेणे ही उरलेली अर्धी.

या भाडेपद्धतीचे स्वरूप असे आहे. गाडी कंत्राटदाराची, तिची देखभाल त्याची आणि चालक त्याने नेमलेला. बेस्ट मार्ग व वेळापत्रक ठरवते आणि धावलेल्या किलोमीटरवर कंत्राटदाराला पैसे देते. अनेक गाड्यांवर वाहकही नसतो; तिकिटे थांब्यावरच्या वाहकाने द्यायची. म्हणजे लंडनच्या त्या अभ्यासातील जिने चढणारा सहकारी येथे गाडीतूनच उतरवला गेला. मागच्या दाराकडे पाहणारी दुसरी जोडी डोळ्यांची गेली आणि तोही भार चालकाच्या आरशावर पडला.

प्रवाशाला यातले काही दिसत नाही. गाडी तांबडी आहे, तिच्यावर बेस्टची मुद्रा आहे, समोर मराठी आकड्यांत मार्गाचा क्रमांक आहे. त्याच्या दृष्टीने चालक बेस्टचाच. चालकाला मात्र पगार वेळेवर झाला नाही, भविष्य निर्वाह निधी भरला गेला नाही, सुटी नाकारली गेली, तर तो बेस्टकडे गेला की उत्तर मिळते, 'कंत्राटदाराकडे जा'. कंत्राटदाराकडे गेला की उत्तर मिळते, 'बेस्टकडून बिल आले नाही'. ऑगस्ट २०२३ मध्ये याच चालकांनी पगारवाढीसाठी आणि समान कामाला समान वेतनाच्या मागणीसाठी काम बंद केले. एका-दोन आगारांतून सुरू झालेले ते आंदोलन शहरभर पसरले. आणि काही कंत्राटदारांनी मुदत संपण्यापूर्वीच काम सोडून दिले, तेव्हा गाड्या उभ्या राहिल्या, मार्ग ओस पडले आणि शेकडो चालक एका दिवसात बेकार झाले. कंत्राटदाराला परवडले नाही तर तो जाऊ शकतो. प्रवासी कोठे जाणार? चालक कोठे जाणार?

अपघातानंतरचा प्रश्न

तिसरा प्रश्न जबाबदारीचा. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ला पश्चिमेस एक विजेवरील बस गर्दीत घुसली आणि अनेक निरपराध माणसांचे प्राण गेले. ती भाडेतत्त्वावरील गाडी होती. त्या चालकाचा दोष किती, याचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे आणि त्याविषयी मी काहीही बोलणार नाही. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्या दुःखापुढे आपण सर्वांनी मान लववली पाहिजे. पण त्या घटनेनंतर एक प्रश्न जाहीरपणे विचारला गेला, तो आपण सोडून देता कामा नये: या प्रकारची गाडी हाती देण्यापूर्वी चालकाला किती दिवसांचे प्रशिक्षण दिले जाते?

क्लच-गिअरच्या डिझेल गाडीवर ज्याचे हातपाय घडले, त्याला विजेची स्वयंचलित गाडी ही वेगळीच वस्तू असते. तिला क्लच नाही, गिअर नाही. डाव्या पायाला काम नाही. इंजिनाचा आवाज ऐकून वेगाचा अंदाज घेण्याची सवय तेथे निरुपयोगी ठरते, कारण आवाजच नाही. पाय पडताच गाडी पूर्ण जोराने पुढे झेपावते. बारा मीटर लांबीची ही गाडी गजबजलेल्या बाजाररस्त्यातून नेण्यासाठी शरीराला नव्याने शिकावे लागते, आणि शिकायला दिवस लागतात. प्रशिक्षणाच्या दिवशी गाडी पैसे मिळवत नाही. जेथे पैसे किलोमीटरवर मोजले जातात, तेथे न धावणारा प्रत्येक दिवस हा तोटा असतो. प्रशिक्षण, विश्रांती, देखभाल या तिन्ही गोष्टींत गाडी उभी असते, आणि सुरक्षितता नेमकी या उभ्या असण्यातूनच निर्माण होते. म्हणून माझे म्हणणे असे की, किलोमीटरचा हिशेब आणि माणसाच्या जिवाचा हिशेब एकाच वहीत मांडता येत नाही.

तूट कोणाची?

यावर आपल्याला ठराविक उत्तर ऐकवले जाते: बेस्ट तोट्यात आहे, पैसा आणायचा कोठून? मित्रहो, 'तोटा' हा शब्द कोणाला लावला जातो ते पाहा. मुंबईचा सागरी किनारा मार्ग मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यावर महापालिकेने तेरा हजार कोटींहून अधिक खर्च केला. तो मार्ग मुख्यतः मोटारवाल्यांच्या सोयीचा आहे आणि त्यावर टोल नाही. तो तोट्यात आहे असे कोणी म्हणते काय? रस्त्यावर केलेला खर्च ही गुंतवणूक आणि बसवर केलेला खर्च हा तोटा, ही भाषाच मुळात वर्गीय आहे. बेस्टच्या गाड्यांतून रोज वीस लाखांहून अधिक फेऱ्यांचा प्रवास होतो. घरकाम करणाऱ्या बाया, इस्पितळातील आया, दुकानातील पोरे, शाळेची मुले हे तिचे प्रवासी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि लोकल थांबल्या, तेव्हा परिचारिकांना आणि सफाई कामगारांना कामावर नेले ते याच बसगाड्यांनी, आणि त्यात बेस्टचे कित्येक कर्मचारी आजारी पडून दगावले. त्या सेवेचे मोल कोणत्या ताळेबंदात मांडले गेले?

आणि तूट भरण्याचा सोपा मार्ग म्हणून ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाच रुपयांचे दहा रुपये झाले. वातानुकूलित गाडीचे सहाचे बारा झाले. महिन्याचा पगार मोजून खर्च करणाऱ्या कुटुंबाला दिवसाचे हे चार-सहा प्रवास किती जड जातात हे आपल्याला सांगायला नको.

आपण काय करावे

आता कार्यक्रमाविषयी. चालकाच्या प्रश्नावर आजवर बहुधा संपाच्या वेळीच चर्चा झाली, आणि त्या वेळी प्रवासी चिडलेला असतो. नऊ दिवसांच्या संपात ज्याची रोजची मजुरी बुडते तोही श्रमिकच असतो, हे नाकारून चालणार नाही. संपाचा हक्क अबाधित राहिलाच पाहिजे. पण ज्या संपाची कारणे प्रवाशाला ठाऊक नाहीत तो संप कामगाराला एकटे पाडतो. म्हणून प्रवासी आणि चालक यांची एकजूट संपाच्या आधी बांधली पाहिजे, आणि ती बांधणे हे पक्षकार्यकर्त्यांचे काम आहे.

त्यासाठी चार मागण्या मी सुचवतो. पहिली, धावेच्या वेळा दर सहा महिन्यांनी प्रत्यक्ष रस्त्यावर तपासून, चालकांच्या प्रतिनिधींशी चर्चा करून ठरवाव्यात आणि थांब्यांवर लावाव्यात. दुसरी, बेस्टच्या मार्गावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, गाडीची मालकी कोणाचीही असो, एकच वेतनश्रेणी आणि एकच प्रशिक्षण मिळावे, आणि त्याची अंतिम जबाबदारी बेस्टची असावी. समान कामाला समान वेतन हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली पंजाबच्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात उचलून धरले आहे. कंत्राटदाराच्या आडोशाने ते टाळता येऊ नये, एवढेच आपले म्हणणे आहे. तिसरी, प्रत्येक शेवटच्या थांब्यावर स्वच्छतागृह, पाणी आणि बसायला सावली. चौथी, गर्दीच्या रस्त्यांवर बससाठी राखीव मार्गिका. पुण्यात २००६ साली असा प्रयत्न सुरू झाला आणि पुढे काही ठिकाणी मार्गिका उखडल्याही गेल्या. कारण मोटारवाल्यांचा आवाज संघटित होता आणि बसमधल्यांचा नव्हता.

या मागण्यांचे निवेदन घेऊन थेट महापालिकेत जाऊ नका. आधी आपल्या वस्तीजवळच्या थांब्यावर सकाळी आठ ते दहा उभे राहा. कोणती गाडी किती उशिरा आली ते वहीत लिहा. प्रवाशांशी बोला. शेवटच्या थांब्यावर जाऊन चालकाला किती मिनिटे विसावा मिळाला तेही लिहा. महिनाभर अशा नोंदी ठेवल्या की तुमच्या हाती जी वही येईल, ती कोणत्याही भाषणापेक्षा बोलकी असेल. तिच्या एका रकान्यात प्रवाशाची खोळंबलेली मिनिटे असतील आणि दुसऱ्या रकान्यात चालकाची हिरावलेली मिनिटे. दोन्ही रकाने शेजारी शेजारी ठेवून बैठकीत वाचा. मग निवेदनावर सह्या मागाव्या लागणार नाहीत. माणसे स्वतःहून पुढे येतील.